मेंदीखालची नखं

माझ्या अनामिकेचं नख टोकाकडून पांढरं पडू लागलं. दुखत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. पांढरेपणा दर आठवड्याला जरासा आत सरकायचा. पदराचा धागा अडकला की नख उचललं जायचं आणि मला पत्ताच लागायचा नाही. आपलंच बोट, पण परक्याचं वाटायचं.

आमच्या घरी यावर उपाय ठरलेला. परप्रांतात, जामबागेत तीन पिढ्या काढून आम्ही इथल्या बायकांची एक सवय उचलली होती, नखांवर मेंदी थापायची. आई तर बारा महिने लावायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! मीही लावली आणि निर्धास्त झाले.

भाचीच्या लग्नाआधी सुलतान बाजारात हात रंगवून घ्यायला बसले. मेंदीवालीनं बोट धरलं आणि चटकन सोडलं. "क्या अम्मा, नाखून हलरा तुमारा!"

मी मूठ मिटून घेतली. आईला शेवटची आंघोळ घालताना मी तिचा हात धरला होता. लालभडक नखं माझ्या अंगठ्याखाली हलली होती. एक नाही, चार-पाच. मी हात सोडून दिला आणि कुणाजवळ बोलले नाही. शेवटच्या वर्षी ती वाळत चालली होती, छाती धडधडायची, हात इतके कापायचे की कप बशीवर वाजायचा. आम्ही त्यावरून तिची थट्टा करायचो. वय झालं म्हणायचो.

घरी येऊन चहा घेतला. कप बशीवर वाजला. अगदी तोच आवाज. चहा तसाच टाकून मी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई मेंदीवर चिडल्या. नख दिसलंच नाही तर बघणार काय? रक्त तपासलं, थायरॉइड वाढलेलं निघालं. नख सुटणं, हात कापणं, सगळं त्याचंच. गोळ्या सुरू झाल्या. नखं बारीक कापा, कोरडी ठेवा, खालून कोरू नका. सुटलेलं चिकटत नाही, नवंच यावं लागतं, असं त्यांनी बजावलं. मग विचारलं, "आईचं कधी तपासलं होतं?"

मी नाही म्हटलं.

सहा-सात महिन्यांत गुलाबी नख वर आलं. कपही वाजेनासा झाला. काल लाल रंगाची शेवटची कड कापली. नखं घरात सांडली की भांडणं होतात, असं आई म्हणायची, म्हणून कागदात गुंडाळली. पण टाकवेना. ती असताना तिचा हात मी एकदा तरी नीट धरला असता, तर मला कळलं असतं.