सोलापुरात हशा दोनदा यायचा

तुमच्या या सदरात दर महिन्याला कुणाला तरी पिंपळाखाली काहीतरी दिसतं, आणि मी ते चहा पिता पिता वाचते आणि हसते. तेव्हा आधीच सांगून ठेवते — असल्या गोष्टींवर माझा कणभर विश्वास नाही. सोलापुरात मुलींच्या शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं. पाटीवर नुसतं उत्तर लिहिलं आणि रीत नसली, तर मी भोपळा द्यायची. पोरी रडायच्या, तरी द्यायची. आता गंमत बघा... या एका गोष्टीत माझ्याकडेच नुसतं उत्तर आहे आणि रीत नाही. म्हणून लिहायला बसले.

बोलपट नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. मोठमोठ्या नाटक कंपन्यांचे मखमली पडदे एकेक करून खाली येत होते. पण मला कधी त्यांचं वेड नव्हतंच. माझा जीव छोट्या कंपन्यांवर. ना कुणा संस्थानिकाचा आधार, ना कुणा शेठचा... दहा-बारा माणसं, एक ऑर्गन, चार पेटारे, आणि आधी संगीत नाटक, मग शेवटी पोट धरून हसवणारा फार्स. त्यातली एक कंपनी दर वर्षी फाल्गुन-चैत्रात सोलापूरला यायची आणि पत्र्याच्या थेटरात उतरायची. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरातली माणसं अजून आहेत. कंपनीत सदूनाना नावाचे विनोदी नट होते. सकाळी तेच सगळ्यांचा स्वयंपाक करायचे, त्यामुळे राजाच्या दरबारात उभे राहिले तरी त्यांच्या नखांना हळद असायची. मी पुढे बसून बघितली आहे ना!

आणि माझ्याबरोबर कायम गंगव्वा. आमच्या गल्लीत कापडदुकानदाराच्या घरात ती लग्न होऊन आली होती, अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातून. घरात कानडी, माहेरी कानडी, मराठी जेमतेम. मी कानडी शेजारात वाढले, मला दोन्ही येत होतं. नाटकातली पदं तिला सांगावी लागत नसत, डोळे मिटून डोलायची. फार्सला मात्र मी तिच्या कानाला लागून वाक्यावाक्याचं कानडी करायची. नुसतं कानडी नाही हं, सगळं तिच्या ओळखीचं करून सांगायची. नाटकातला कंजूष रामभाऊ असला की मी त्याचा आमच्या गल्लीतला तेलवाला मल्लप्पा करायची. मी क्षणभर थांबले की कोपराने ढोसायची आणि म्हणायची, "मुंद हेळ!" म्हणजे, पुढे सांग.

आता यातून झालं काय, की सगळं थेटर हसून गप्प झालं की मग माझं सांगून व्हायचं आणि मग गंगव्वा हसायची. आणि हसणं कसं? आधी बारीक, मग एकदम गडगडाट, आणि शेवटी एक उचकी! त्या उचकीला सगळं थेटर परत हसायचं. पहिल्या वर्षी सदूनाना बिचारे गडबडले. पुढचं वाक्य टाकलं आणि ते त्या दुसऱ्या हशात वाहून गेलं. पण माणूस कसलेला. दुसऱ्या खेळापासून ते थांबायला लागले. पुढे एकदा थेटराच्या बायकांच्या दाराशी येऊन मला म्हणाले होते, "बाई, बाकी गावांत हशा एकदा येतो, सोलापुरात दोनदा. मी मनात आठ मात्रा मोजतो. आठव्या मात्रेला तुमच्या मैत्रीणबाई बरोब्बर हजर!"

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कंपनी आली तेव्हा गंगव्वा इथे नव्हती. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेली होती. जाताना स्टेशनावर माझा हात धरून म्हणाली, "मास्तरीण, नवा फार्स येतोय म्हणं. बघून ये, मला सगळा सांग. एक बी सोडू नको."

मुलगी झाल्याचं कळलं. पेढे आले. मग वीस दिवसांनी, एका रविवारी दुपारी बाराला, तिचा दीर आमच्या दारात उभा. तोंड उतरलेलं. गंगव्वाला बाळंतरोगाचा ताप... चार दिवस शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, आता देवाचं नाव घ्या.

सकाळची गाडी निघून गेली होती. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. मी काय करू? घरात येरझाऱ्या घातल्या, एक भांडं तीनदा घासलं. तीन वाजता नव्या फार्सचा खेळ होता. मी लुगडं बदललं. सासूबाई भडकल्या आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"अगं, मैत्रीण तिकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि तू थेटरात चाललीस? जनाची नाही, मनाची तरी!"

"तिनं सांगितलंय बघून ये म्हणून," मी म्हटलं. "उद्या जाऊन तिला सांगायचंय."

"उद्या कोण ऐकणार आहे गं?" त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांनीच पदर तोंडाला लावला. मी चप्पल घालून बाहेर पडले.

तिकिटं मी दोन काढली. का, ते विचारू नका. तिच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली.

रविवार, त्यामुळे गिरणीचे भोंगे गप्प. चैत्राचं ऊन, सगळं शहर झोपल्यासारखं. थेटरात वाळ्याचे ओले पडदे सोडले होते आणि वरच्या पत्र्याला जिथे जिथे भोकं, तिथून उन्हाच्या बारीक काठ्या अंधारात उतरल्या होत्या. त्यांत धूळ हळूहळू फिरत होती. नाटक झालं, पदं झाली, ऑर्गनचा सूर लांबत राहिला... मी तिथे होतेही आणि नव्हतेही. पाण्याखाली बसून ऐकल्यासारखं ऐकत होते.

मग फार्स सुरू झाला. सांगते थोडक्यात. एक महाकंजूष रामभाऊ. पाहुण्यांना जेवू घालायला नको म्हणून "काशीला गेलो" अशी आवई उठवतो आणि घरातच पेटाऱ्यात लपून बसतो. रामभाऊ अर्थात सदूनाना. पाहुणे येतात ते येतात, त्याच पेटाऱ्यावर बसतात. धुळीनं रामभाऊला शिंक येते. जोरात! पाहुणे दचकतात. बायको (म्हणजे कंपनीतलाच एक पोरसवदा नट, ओठांवर मिशीची निळी छटा) शांतपणे पदर सावरत म्हणते, "इकडचीच शिंक हो. काशीहून ऐकू येते. पुण्याईच तेवढी!"

थेटर फुटलं. आणि मी, काय सांगू तुम्हाला, सवयीनं डावीकडे वाकले आणि त्या पिशवीला कानडीत सांगून मोकळी झाले. काशीचं मी श्रीशैल केलं, कारण गंगव्वाच्या घरचे यात्रेला तिकडेच जातात. "मल्लप्पाची शिंक... श्रीशैलहून आली गं!"

सदूनानांनी पेटाऱ्याचं झाकण वितभर उचललं होतं. डोळे मोठे करून ते थांबले. सवयीनंच. गंगव्वा नाही हे त्यांना कुठे ठाऊक? हशा ओसरला. शांतता. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता पुढचं वाक्य टाका हो नाना, नका थांबू... माझ्याच्यानं ते बघवेना.

आणि हसू आलं.

माझ्या डाव्या हाताला. आधी बारीक, मग गडगडाट, शेवटी उचकी.

सगळं थेटर परत हसलं. पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "अगंबाई, आल्या वाटतं त्या—" आणि पिशवी बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मला वास आला. ओव्याच्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीचा. वाळ्याच्या पडद्यांतून तो कुठून येणार?

खोटं बोलत नाही, माझ्या मनात पहिला विचार हाच आला... गेली. गेली आणि जाता जाता मला भेटायला आली. तुमच्या सदरात असंच असतं ना? उठून पळावं असं वाटलं. पण मग वाटलं, आली आहे ती फार्स ऐकायला. मी सांगायची थांबले तर ती उठून जाईल. कुठे जाईल ते मला माहीत होतं.

म्हणून मी सांगत राहिले. डोळ्यांतून धारा आणि तोंडानं मल्लप्पा! पाहुणे पेटाऱ्यावर बसून मल्लप्पाची स्तुती करतात, एकजण म्हणतो दिसायला मात्र बेडूक होता, आतून मल्लप्पा लाथ मारतो... वाक्यावाक्याला तिचं हसणं येत होतं. उशिरानं, पण येत होतं. बाजूला बघायची माझी छाती झाली नाही. शेवटी पाहुणे ठरवतात, एवढ्या पुण्यवान माणसाचा पेटारा, तो काशीला रेल्वेनं पार्सलच करू. आणि हमाल पेटारा उचलतात. इथवर मी सांगितलं आणि शेवटचं वाक्य काही केल्या तोंडातून फुटलं नाही. पडदा पडला. ओव्याचा वास गेला होता.

बायकांच्या दाराशी सदूनाना उभे होते, तोंडाचा रंग अर्धा पुसलेला.

"बाई, आज तुमच्या मैत्रीणबाई मागं बसल्या होत्या काय? हशा लांबून आला. आठ मात्रांना येणारा, आज पुऱ्या सोळा मात्रांनी यायला लागला. मला दर वेळी वाटायचं, आता काही येत नाही."

"मग तुम्ही थांबलात कशाला?" मी विचारलं.

"येईल की!" ते म्हणाले. "येणाऱ्या हशाला थांबायचं नाही, तर नट कशाला व्हायचं?"

मी त्यांना नमस्कार केला. घरी गेले, भिंतीला टेकून बसले. सासूबाईंनी ताट वाढलं, मी बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी. पुढे बैलगाडी. घर दिसलं तशी मी कान देऊन बसले, रडणं ऐकू येतंय का म्हणून. नव्हतं येत. दारात गंगव्वाची आई तान्हीला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठली आणि माझा हातच धरला. बाजारहाटामुळे तिला मराठी यायचं.

"या वो बाई. उतरला बगा ताप. काल उनं कलायला लागली आन् गंगव्वा झोपंत हसाया लागली. आमी घाबरलो की! म्हटलं, वात झाला. हसायची, गप पडायची, पुन्ना हसायची. लई येळ. मग घाम फुटला, कापडं भिजली. संध्याकाळी डोळे उगडून पानी मागितलं."

मी चप्पल काढायची विसरले आणि तशीच आत गेले. खोलीत ओव्याची धुरी. बाजेवर गंगव्वा, नुसता हाडांचा सापळा. पण डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत राग होता. मला बघताच ती कानडीत जे बोलली, त्याचं मराठी असं: "मल्लप्पाचा पेटारा हमालांनी उचलला. श्रीशैलला धाडायला. आणि तू गप्प बसलीस. एक बी सोडू नको म्हटलं होतं ना?"

मल्लप्पा. श्रीशैल. रंगमंचावर रामभाऊ होता आणि काशी होती. मल्लप्पा आणि श्रीशैल होतं ते फक्त माझ्या तोंडात आणि त्या पिशवीच्या कानात.

मी बाजेच्या कडेला बसले. म्हटलं, आता दुसरं काही बोलायचं नाही, आधी कबूल केलेलं पुरं करायचं. म्हटलं, "हमाल पेटारा उचलून चालायला लागतात. बायको रडल्याचं सोंग करते. आणि आतून मल्लप्पा ओरडतो... अगं ए, हमालाशी घासाघीस कर!"

या वेळी मात्रा मोजाव्या लागल्याच नाहीत. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हसली. अशक्त, फाटकं, पण शेवटी उचकी. तिकडे तान्ही दचकून रडायला लागली, इकडे मी रडायला लागले, आणि ही बया हसतेच आहे!

पुढे कितीदा तरी मी तिला खोदून विचारलं. काय दिसलं? कुठे होतीस? ती खांदे उडवायची. "तू सांगितलीस, मी ऐकले. एवढाच," म्हणायची. माझा एक डॉक्टर भाचा म्हणतो, तापाचा उतार आणि योगायोग. ठीक आहे. मग मल्लप्पाचं काय? तिथे तो घड्याळ बघतो. सदूनानांची कंपनी दोन-तीन वर्षांत मोडली, पत्र्याच्या थेटरात बोलपट लागायला लागले. विचारायला आता कुणी नाही. मी रीत शोधशोध शोधली, सापडली नाही. स्वतःलाच भोपळा दिला.

गंगव्वा मागच्या दसऱ्याच्या आधी गेली. भरल्या घरातून, नातवंडं-पतवंडं बघून. गेल्या महिन्यात माझ्या नातीच्या कॉलेजात पोरांनी एक फार्स केला. बरा होता, पोरं घाई फार करत होती. एका चांगल्या वाक्याला सगळे हसले. मी डावीकडे वाकले आणि कानडीत सांगितलं. नात म्हणाली, "आजी, कुणाशी बोलतेस?"

मी तिला हातानंच गप्प केलं. आठ मात्रा झाल्या, सोळा झाल्या. अजून काही आलं नाही. पण या वेळी ती फार लांब गेली आहे, उशीर लागणारच. मी थांबले आहे.