पाणीगेटच्या गच्चीवरची पहाडी वेल

बडोद्यात उंच जागाच नाही असं म्हणणाऱ्यांनी आमची गच्ची पाहिलेली नसते. पाणीगेटात आमचं तीन मजली घर, वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी आणि टाकीवर बहुतेक वेळा मी. तिथून स्वच्छ हवेत पावागड दिसतो, हे कुणीही सांगेल. मला एकदा गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईच्या पिशवीतला नारळ दिसला होता. आमचे खापरपणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, नजर तिकडून आली. तेव्हा हिमालयातली द्राक्षवेल मी पाणीगेटात वाढवली हे ऐकून कुणी हसलं, तर मी चिडत नाही. त्याला तीन जिने चढायला लावतो. वर पोहोचेपर्यंत हसायला दम उरत नाही.

सुरुवात झाली मी निवृत्त झालो त्या वर्षीच्या दिवाळीत. आम्ही नवराबायको हिमाचलात सहलीला गेलो होतो. वाटेत दरड कोसळली, बस अडकली, आणि आम्हाला तीन दिवस एका म्हाताऱ्या बागवानाच्या घरी राहावं लागलं. गाव इतकं उंच, की ढग खाली दरीत चरायला सोडल्यासारखे दिसत. घरामागे दगडी बांधावर एकच द्राक्षवेल होती. बुंधा माझ्या मांडीएवढा. मी सांगताना कमरेएवढा सांगतो. तिच्या द्राक्षांची वाईन म्हातारा दरवर्षी करायचा, घरापुरती आणि पाहुणा आला तर पाहुण्याच्या तब्येतीपुरती.

"मेरे दादा के दादा ने लगाई," तो म्हणाला. बडोद्याला पोहोचेपर्यंत मी त्यात आणखी दोन दादा घातले.

त्याची रीत वेगळीच होती. विकतचं खत नाही, फवारणी नाही. दिवाळीच्या सुमारास गाईच्या शिंगात ताजं शेण भरून ते वेलीजवळ पुरायचं. थंडी सरली की उकरायचं आणि त्यातलं मूठभर तांब्याच्या हंड्यात पाणी घेऊन तासभर ढवळायचं, थोडा वेळ उजवीकडे, थोडा वेळ डावीकडे. मग ते पाणी वेलीच्या मुळाशी शिंपडायचं. छाटणी चंद्र बघून. कुणी शहरी पाहुणा येऊन याला बायोडायनॅमिक म्हणतात असं त्याला सांगून गेला होता.

"नाम अच्छा है," म्हातारा म्हणाला. "गोबर वही है."

निघताना मी काडी मागितली. त्याने तीन काड्या कापल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि वर म्हणाला, "नीचे नहीं जिएगी."

"बाबा, हमारे बडोदा में तो लाकडी खुर्ची को भी पान फुटता है!" माझं हिंदी पाणीगेटचं. बायकोने कोपर मारलं.

"जी गई, तो पहला फल मुझे चखाना," तो म्हणाला. मी त्याच्या हातावर हात मारून कबूल केलं.

दोन काड्या रेल्वेतच वाळल्या. तिसरी मी गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पिंपात लावली. ती जगली. पहिल्या उन्हाळ्यात मी तिच्यासाठी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून पिंपाभोवती रचायचो. गल्लीतली मांजरं दुपारी तिथे शेकोटीला बसावीत तशी गोल करून बसायची, आणि एकीला तर सर्दी झाली. पांजरापोळातून शिंगही आणलं. शेण ढवळायला मी देवघरातला तांब्या उचलला, तेव्हा बायको म्हणाली, "गाईचं आहे म्हणून तोंड बंद ठेवलंय. पण तांब्या परत देवासमोर ठेवलात तर देव आणि मी, दोघंही घर सोडू."

शेजारी पोलीस खात्यातून निवृत्त झालेले गुजराती गृहस्थ. द्राक्षवेल, त्यात मराठी माणूस, त्यात दारूबंदीचं राज्य. रोज सकाळी ओट्यावरून हाक: "केम भाऊ, भठ्ठी क्यारे चालू करो छो?"

"तुम्ही पुन्हा नोकरीवर लागलात की," मी वरून सांगायचो.

दोन वर्षांत वेल मांडवावर चढली. मी ती आलेल्या-गेलेल्याला दाखवायचो आणि ऐटीत असायचो. मग एका थंडीत म्हाताऱ्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, सावकाश. गावचा रस्ता रुंद झाला. बांध गेला, बांधावरची वेल गेली. त्यानेही काड्या लावल्या होत्या, पण त्या मुरमाखाली गाडल्या गेल्या.

"अब वो तुम्हारे पास ही है," तो म्हणाला. "फागुन की अंधेरी में छाँटना. भूलना नहीं."

फोन ठेवला आणि मी जिना चढलो. त्या दिवशी प्रथमच मला तो जिना लांब वाटला. इतके दिवस ती माझी गंमत होती. आता कुणाच्या तरी दादाच्या दादाने लावलेल्या वेलीतलं एवढंच उरलं होतं, आणि तेही पाणीगेटात, एका पिंपात.

फाल्गुनाचा काळोखा पंधरवडा. यात चुकायचं काय? भिंतीवरच्या पंचांगात मी तिथीवर लाल गोल काढला. होळी झाली, पौर्णिमा सरली, वद्य पक्ष लागला आणि रंगपंचमीच्या दिवशी सकाळी कात्री घेऊन मी वर गेलो. वेलीला कोवळे फुटवे आले होते, दोन-चार ठिकाणी फुलोऱ्याचे बारीक तुरेही. मला वाईट वाटलं, पण म्हाताऱ्याचा शब्द होता. सगळं छाटलं. नुसते सोट ठेवले.

दुपारपर्यंत प्रत्येक कापातून पाणी गळायला लागलं. टप टप. गच्ची ओली झाली, पाणी कठड्यावरून खाली गेलं. मी खाली तपेली लावली, ती भरली. बादली लावली, ती भरली. तिसऱ्या भांड्याचं नाव घेतलं तर तुम्ही वाचणं थांबवाल.

"अरे भाऊ!" ओट्यावरून आवाज आला. "तमारी वेल मारे माथे रडे छे!"

बायको वर आली. वेलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज का छाटलीत?"

"फाल्गुन वद्य आहे."

"आपला. त्यांचा कुठे?" ती कठड्यावर बसली. "अहो, महाशिवरात्र आपल्याकडे माघात येते. उत्तरेत तीच रात्र फाल्गुनात मोजतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांच्या फाल्गुनाचा काळोख महिन्यापूर्वीच होऊन गेला."

चाळीस वर्षं मी लोकांच्या घरांचे नकाशे काढले, एका इंचाची चूक केली नाही, आणि इथे अख्खा महिना चुकलो. तोही पंचांग समोर ठेवून, लाल गोल काढून! म्हाताऱ्याचा पुढच्या आठवड्यात फोन आला. "छाँट दी?" "छाँट दी." "कैसी है?" मी म्हणालो, "एकदम बढ़िया." वेल तेव्हा खुंटाळ्यासारखी उभी होती, एक पान नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण त्या फुशारकीच्या. ही मारताना मी वेलीकडे पाठ केली होती.

बायकोचा भाऊ नाशिकला द्राक्षबागांत काम करतो. तिने त्याला बोलावलं. तो आला, चहा न घेता वर गेला, सोट नखाने खरवडून पाहिले आणि विचारलं, "भाऊजी, ही छाटणी कुणी सांगितली?"

मी घसा साफ केला. "का रे?"

"अहो, उष्ण मुलखात हीच वेळ. आमच्याकडे याला खरड छाटणी म्हणतात. वेळेत केलीत! महिन्याआधी पहाडी हिशोबाने छाटली असती तर इथल्या उन्हात ती गोंधळली असती. आता फुटेल. दिवाळीआधी दुसरी छाटणी करा, मग फळ बघा."

"मला ते माहीतच होतं," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "हो. लाल गोल काढूनच ठेवला होता त्यांनी." पण तेवढंच. भावासमोर तिने मला उघडं पाडलं नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.

पंधरा दिवसांत सोटांवरचे डोळे फुगले, महिन्याने मांडव झाकला. दिवाळीआधी दुसरी छाटणी केली. त्यातल्या चार काड्या बायकोने दुधाच्या पिशव्यांत लावल्या, चारही जगल्या. पुढच्या होळीला अकरा घड आले. छोटे, काळे, घट्ट. एकेक मणी असा की सुपारीऐवजी गणपतीपुढे मांडावा.

ओट्यावरचे साहेब त्या दिवशी जिना चढून वर आले, बहुतेक निवृत्तीनंतर प्रथमच इतके चढले असतील. "हवे शुं, भाऊ? आता रस काढणार?"

"सुकवणार."

ते थोडे नाराजच झाले, असं मला वाटलं.

गुजरातेत वाईन करायची नाही, आणि फळ तर शब्द दिलेल्या माणसापर्यंत न्यायचं. मग बडोद्याच्या उन्हाने आमचं काम केलं. खाटेवर मच्छरदाणी पसरून घड सुकवले. बेदाणे झाले, दोन डबे. मे महिन्यात ते डबे आणि चार रोपं घेऊन आम्ही निघालो. रेल्वेत रोपं बायकोच्या पायाशी बर्थखाली होती. टीसीने विचारलं, "ये क्या है?" ती म्हणाली, "मायके जा रही हैं."

म्हातारा अंगणात उभा होता. मागचा बांध गेलेला, तिथे डांबर. त्याने रोपांकडे पाहिलं नाही. आधी डब्यातला एक बेदाणा तोंडात टाकला आणि चावत राहिला. दोन ट्रक गेले, तो चावतच होता.

"वही है," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "पर मीठी बहुत है. तुम्हारे गुजरात में हर चीज़ में चीनी डालते हैं?"

"दाल में भी," बायको म्हणाली.

मग मी त्याला सगळं सांगितलं: रंगपंचमी, लाल गोल, बादल्या, आणि फोनवरची थाप. तो इतका हसला की त्याला खोकला आला. बेदाणे त्याने कोमट पाण्यात घालून माठात भिजवले. त्यांची वाईन व्हायला वेळ होता, तोवर जुन्या वेलीची शेवटची बाटली होती. संध्याकाळी आम्ही काय केलं ते इथे लिहीत नाही. साहेबांना हल्ली मराठी वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रस्त्याच्या वरच्या अंगाला, बराच वर, खड्डे केले. मोजले तर तीनच.

"बाबा, चौथा?"

त्याने चौथं रोप पुन्हा पोत्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. माझ्या पिंपात एक आहेच, असं मी सांगितलं.

"दूसरा पिंप ले लो," तो म्हणाला. "सड़क अभी और चौड़ी होगी."

ते रोप आता टाकीच्या दुसऱ्या बाजूला आहे, मी बसतो तिथून हाताच्या अंतरावर. छाटणीची तारीख बायको काढते.