अर्ध्या पोळीचा आग्रह

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात प्रमोदिनी करंदीकर चौदा वर्षं जेवण वाढत होती. मॅश केलेल्या बटाट्याचा एक स्कूप, वरून सपाट केलेला, प्रत्येक मुलाला एकच. कुणी लाडिगोडी लावत ताटली पुन्हा पुढे केली, तर ती हसून म्हणायची, "दॅट्स युअर लॉट, लव्ह." म्हणजे, एवढंच मिळणार, बाळा. तिच्या मापात चौदा वर्षांत कधी तसूभर फरक पडला नव्हता.

घरी मात्र या बाईच्या अंगात कोण संचारायचं, देव जाणे. सगळ्यांना जेवायला बसवून ती स्वतः उभ्यानं वाढायची. अर्धी पोळी मोडून पानात घालायची आणि उरलेली अर्धी "आता ही एकटी कशाला राहील?" म्हणत तिच्या पाठोपाठ. पाहुणा "नको" म्हणाला की ती आणखी खुलायची, कारण आपल्यात "नको" म्हणायची रीतच असते, ते मनावर कोण घेतं? तिच्याकडे जेवायचं आमंत्रण असलं की महाराष्ट्र मंडळातली मंडळी सकाळचा नाश्ता बंद ठेवायची.

ब्याण्णव सालच्या जूनमध्ये तिचा धाकटा भाऊ जयंत ओहायोहून सहा आठवड्यांसाठी आला. हीथ्रोवर त्याला पाहून ती आधी खळखळून हसली. तिच्या नवऱ्याच्या, गिरीशरावांच्या, छोट्या गाडीची पुढची सीट पार मागे सरकवली तेव्हा कुठे स्वारी आत मावली. मागच्या सीटवर बसल्यावर मात्र प्रमोदिनीच्या डोळ्यांना धार लागली. त्यांचे बाबा बावन्नाव्या वर्षी हार्टनं गेले होते, आणि जयंतला आता एक्कावन्न पूर्ण झाली होती.

"जयू, तिकडे सगळे असेच कसे रे फुगतात?" तिनं चहा ओतता ओतता विचारलं.

"अगं ताई, माझ्या घरासमोर फुटपाथच नाही," जयंत म्हणाला. "दूध आणायचं तर गाडी, पत्र टाकायचं तर गाडी. हॉटेलात कोक मागितला तर बादलीभर देतात, आणि संपला की फुकट भरून देतात. प्लेट म्हणशील तर आपल्या परातीएवढी. आणि बाबांनी काय शिकवलंय? पानात टाकायचं नाही. मग संपवतो मी."

"मेली ती अमेरिका!" प्रमोदिनी म्हणाली, आणि तिनं कंबर कसली. भावाला हलका करूनच परत पाठवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला हाय स्ट्रीटवरच्या केमिस्टकडे नेलं. तिथल्या यंत्रावर उभं राहून नाणं टाकलं की वजनाचं तिकीट मिळायचं. अठरा स्टोन दोन पौंड, म्हणजे एकशे पंधरा किलो. तिकीट तिनं फ्रिजवर चिकटवलं. मग रोज सकाळी जयंत धापा टाकत तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालायचा आणि दुपारी तिला घ्यायला पुन्हा यायचा. संध्याकाळी दोघं बहीणभाऊ पार्कातून कालव्यापर्यंत जायची, लहानपणच्या शिक्षकांच्या नकला करत. तिसऱ्या आठवड्यात धाप कमी झाली. प्रमोदिनी इतकी खूश झाली की त्या रविवारी तिनं श्रीखंडाचा बेत केला.

सोमवारी तिकीट आलं. अठरा स्टोन पाच पौंड.

"तू चोरून चिप्स खातोस!" भर रस्त्यात ती कडाडली. "माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग!"

"नाही गं ताई, तुझ्या गळ्याची शपथ!"

घरी येईपर्यंत ती त्याच्या दहा पावलं पुढे चालत राहिली. स्वयंपाकघरात तिची मुलगी मीनल टोस्ट करत होती. युनिव्हर्सिटीतून सुट्टीवर आलेली, वॉटफर्डातच जन्मलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, इट्स नॉट अमेरिका. इट्स यू."

"म्हणजे?"

"काल मी काउंट केला. मामा सहा वेळा 'नको' म्हटला. तू आठ पोळी दिली. वर श्रीखंड. तो पानात लीव्ह करू शकत नाही, आजोबांनी तसंच टीच केलं. शाळेत तू मुलांना वन स्कूप देते ना? मग मामाला का नाही?"

प्रमोदिनीनं जयंतकडे पाहिलं. तो बिचारा फ्रिजवरच्या तिकिटाकडे पाहत होता. सहा "नको" म्हणाला होता आणि तिला एकही ऐकू आला नव्हता. अमेरिकेला तीन आठवडे शिव्या घातल्या, आणि परात तर आपल्याच हातात होती! तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग इतकं हसू आलं की ती मटकन खुर्चीवर बसली.

बसल्यावरच तिला उपाय सुचला. उभी राहिले तर हात वाढणारच, तो काही माझं ऐकायचा नाही. तेव्हा बसायचं.

त्या संध्याकाळी तिनं सगळी भांडी टेबलावर मांडली, लहान ताटल्या घेतल्या आणि सगळ्यांबरोबर स्वतःचं पान वाढून घेतलं. गिरीशराव बावचळले. "अहो, असे बघता काय? घ्या आपापलं," ती म्हणाली. जयंतनं दोन पोळ्या घेतल्या, मग थांबला. तिचा हात दोनदा डब्याकडे गेला, आणि दोन्ही वेळा मीनलनं तो हसत धरून ठेवला.

"ताई," जयंत म्हणाला, "तुला गरम पोळी खाताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." एवढ्या वर्षांत तिच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

जाताना तिकिटावर सतरा स्टोन सहा पौंड होते. जयंतनं ते पाकिटात जपून ठेवलं.

नंतर दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. किती चाललो, किती खाल्लं, सगळं सांगायचा. चौऱ्याण्णवच्या मार्चमधल्या एका रविवारी तो म्हणाला, "ताई, काल त्रेपन्न पूर्ण झाली."

प्रमोदिनीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. बाबांना त्रेपन्न बघायला मिळालं नव्हतं.

"ऐकतेस ना? काल वाढदिवसाला बाहेर जेवायला गेलो होतो. परातभर पास्ता आणला त्यांनी. मी अर्धा खाल्ला आणि ताई, अर्धा पानात टाकला. जन्मात पहिल्यांदा."

"अन्न टाकलंस?" ती डोळे पुसत ओरडली. "मेल्या, बांधून नाही आणायचंस घरी?" आणि मग ती नुसती म्हणत राहिली, "शाबास. शाबास रे जयू."

फोन ठेवून ती टेबलापाशी आली. गिरीशरावांनी तिचं पान वाढून ठेवलं होतं. पोळी अजून गरम होती.