आग्रहाची परीक्षा

मी नेमकं काय शिकते आहे हे सासऱ्यांना फोनवर सांगणं हा आमच्याकडे दर रविवारचा कार्यक्रम होता.

"हाइलएर्त्सीउंग्सफ्लेग, बाबा."

पलीकडून, "म्हणजे नर्सच ना गं?"

थोडी नर्स, थोडी शिक्षिका आणि थोडी घरातलीच बाई, असं मी म्हणायचे. ज्यांना जन्मापासून शिकायला, समजायला, बोलायला जड जातं अशा मोठ्या माणसांच्या सोबतीला राहायचं आणि त्यांचा दिवस त्यांच्या मनासारखा जाईल असं बघायचं. शिक्षण अर्धं शाळेत, अर्धं कामावर. बाबांना ते पटायचं, पण नाव जरा आटोपशीर असतं तर सोसायटीत सांगता आलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

मी मूळची सांगलीची. नवरा जर्मनीत र्युसेल्सहाइमला इंजिनियर, म्हणून इथे आले. मुलगी शाळेत रमली, मी घरात भिंती बघत बसले, आणि चाळिशी दिसू लागल्यावर एक दिवस पाठीवर सॅक टाकून एस-बानच्या लोकलमध्ये चढले. वर्गातली विशीतली पोरं मला सरळ "डू", म्हणजे "तू" म्हणायची. मला इतकं हलकं वाटायचं की स्टेशनच्या जिन्यावर मी चक्क धावायचे. कुठेही उशीर झालेला नसताना.

कामाची जागा म्हणजे एक वोनग्रुप, मोठ्या फ्लॅटमध्ये एकत्र राहणाऱ्या काही माणसांचं घर. तिथे राहणाऱ्यांत मला मावशी भेटल्या. सगळे त्यांना आडनावाने हाक मारायचे, मीही मारायचे, पण मनात पहिल्या दिवसापासून मावशीच. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, बाराही महिने पिवळा स्वेटर. शब्द मोजके, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उत्तर द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना आणखी पुडिंग विचारलं. "नाइन," मावशी म्हणाल्या. नको.

आता माझ्या कानांचा दोष म्हणा. आमच्याकडे पहिलं "नको" हा नुसता शिष्टाचार असतो. दुसऱ्या "नको"लाही कुणी फारसं मनावर घेत नाही. "घ्या हो, थोडंसं," माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खुदकन हसल्या आणि पुडिंग संपवलं.

तेव्हापासून आमचा खेळ सुरू झाला. मी वाढायला गेले की मावशी ताटावर हात आडवा धरायच्या, थेट पंगतीत बसल्यासारखा, आणि "नाइन!" म्हणून बोटांच्या फटीतून मी पुन्हा विचारते का ते बघायच्या. मी विचारायचे. त्या पुन्हा "नाइन!" म्हणायच्या. तिसऱ्या खेपेला हात उचलला जायचा. खरंच नको असेल तेव्हा बोटं घट्ट मिटलेली असायची आणि तोंड खिडकीकडे. तेव्हा मी मुकाट्याने भांडं उचलायचे.

हा खेळ आमच्या शाळेच्या बाईंनी पाहिला. विद्यार्थी कामावर कसा वागतो ते बघायला शिक्षक येतात, त्याला प्राक्सिसबेझूख म्हणतात. बाई उंच, शिडशिडीत, आणि त्यांची पेन्सिल थांबली की आपला श्वास थांबायचा. त्यांना काय दिसलं? एक माणूस नाही म्हणतंय आणि विद्यार्थिनी ताटात ढकलतेच आहे.

"तुम्हाला 'नाही' ऐकू येत नाही," त्या नंतर मला म्हणाल्या. "काय खायचं, कधी झोपायचं, सगळं आयुष्य या माणसांसाठी दुसऱ्यांनी ठरवलं. त्यांचं 'नाही' कुणी ऐकलं नाही. आपलं काम तिथून सुरू होतं."

मला रडू आलं, कारण त्या बरोबर बोलत होत्या. बोटांबद्दल सांगावं असं वाटलं, पण जर्मन शब्द सापडेनात. पुढच्या भेटीतही असंच दिसलं तर शिक्षण इथेच थांबेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा त्या भिंती.

मधले आठवडे शाळेतच होते, म्हणून सराव घरी केला. पोरीला खुर्चीत बसवलं. ती "नाइन" म्हणायची, मी "बरं" म्हणून वाटी उचलायचे. "आल्झो, ममा," ती मान हलवत म्हणायची, "नोखमाल." पुन्हा. मी इतकी तयार झाले की एका रात्री नवरा सवयीने दुसऱ्या पोळीला "नको" म्हणाला आणि मी डबा बंद केला.

तो डब्याकडे बघत राहिला. "अगं, मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं!"

"तुझा निर्णय. मला त्याचा आदर आहे."

"मला भूक आहे!"

पोरगी हसून हसून खुर्चीतून घसरली. आदर राखून मी त्याला आणखी दोन पोळ्या वाढल्या.

भेटीच्या दिवशी मावशी वॉफल भाजणार होत्या. पीठ त्यांनीच ढवळलं, साच्यात त्यांनीच ओतलं, थोडं स्वेटरवर, थोडं माझ्यावर. बाई कोपऱ्यात, मांडीवर वही. सगळं छान चाललं होतं. मावशींनी पहिला वॉफल फस्त केला, मी विचारलं, "आणखी एक?"

हात ताटावर आडवा. "नाइन!" आणि बोटांच्या फटीतून दोन चमकते डोळे.

"बरं," मी म्हटलं आणि वॉफलची थाळी ओट्यावर नेऊन ठेवली.

मावशींचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी थाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बहुधा मला ऐकू आलं नाही असं समजून हात पुन्हा नीट ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "नाइन!" मी जागची हलले नाही. त्यांचा ओठ थरथरायला लागला. मग त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"डू! फ्राग!"

तू. विचार.

खालचा कुत्रा भुंकला. पेन्सिल थांबली. विचारलं तर मी नापास, नाही विचारलं तर मावशी रडणार. खरं सांगते, मी कसलाच मोठा विचार केला नाही. मला त्यांचा तो ओठ बघवेना. मी थाळी उचलली.

"थोडंसं?"

"नाइन!" केवढा आनंद!

"अर्धा तरी?"

"नाइन!" आणि हात वर, ताट पुढे.

झालं, संपलं, असं मनात म्हणत मी वॉफल वाढला, आणि मला वेड्यासारखं हसू फुटलं. मावशीही हसत होत्या. खाऊन झाल्यावर त्या उठल्या, थाळी माझ्या हातातून घेतली आणि थेट बाईंच्या पुढ्यात.

"टोडसं?"

"नाइन, डांके," बाई म्हणाल्या. वहीवर हात घट्ट दाबलेला.

मावशी वाकल्या. बाईंची बोटं त्यांनी अगदी जवळून, नाक लावून तपासली. एकही फट नव्हती. "गूट," म्हणजे ठीक, असं म्हणून त्या लगेच मागे फिरल्या. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

नंतर छोट्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तेव्हा मात्र माझी जर्मन सुटली, व्याकरण गेलं खड्ड्यात. मी टेबलावर हात ठेवून दाखवला. मिटलेली बोटं म्हणजे नाही. उघडी बोटं म्हणजे मला पुन्हा विचार, मला बघायचंय, मी खावं असं तुला खरंच वाटतं का. आमच्याकडे याला आग्रह म्हणतात. खरंच नको असताना केला तर तो छळच, तुमचं त्याबाबतीत बरोबर आहे. पण आज त्यांनी मला विचारायला लावलं, ते कुणाचं ठरवणं होतं?

बाईंनी स्वतःचा हात टेबलावर ठेवला, बोटं मिटली, उघडली. "मागच्या वेळी मी फक्त शब्द ऐकला," त्या म्हणाल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर. तुम्ही पास आहात."

मला त्यांना मिठी मारायची होती. मारली नाही, फ्राग केल्याशिवाय कशी मारणार.

निघताना बाई कोट चढवून स्वयंपाकघरात निरोप घ्यायला आल्या. थाळीत एकच वॉफल उरला होता, वास घरभर होता. मावशींनी काही न बोलता एक रिकामी बशी त्यांच्यासमोर ठेवली. बाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग कोटासकट खुर्चीत बसल्या आणि बशीवर हात आडवा धरला.

"नाइन," त्या म्हणाल्या. "नाइन, नाइन."

बोटं इतकी फाकलेली होती की मधून अख्खा वॉफल गेला असता.