पोटावरचा काळा चौकोन

माझी आत्या प्राण्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी केस काढायचं काम करते. घरात तिला सगळे काळीआत्या म्हणतात, तेही तोंडावर. चवताळलेला बोकासुद्धा तिच्या मांडीवर गप्प पडतो. माणसांशी मात्र तिचं फारसं जमत नाही.

त्या दिवशी मी तिचा डबा द्यायला गेले, तर एक बाई सयामी मांजर घेऊन तणतणत आलेली. मागे ऑपरेशनच्या वेळी आत्याने या मांजरीचं पोट भादरलं होतं. तिथे आता दुधाळ केसांच्या मधोमध काळाकुट्ट चौकोन उगवला होता.

"हिने माझी मांजर खराब केली," बाई म्हणाली. "हात बघा हिचे!"

डॉक्टरांनी समजावलं, की सयामी मांजरीत रंगाचा जीनच असा असतो: अंग जिथे गार पडतं, तिथे केस काळे येतात. म्हणून तर तिचे कान आणि शेपटी काळी. केस काढल्यावर पोटाला गारवा लागला, एवढंच. हे केस गळून नवे आले, की उजळेल.

बाई ऐकेना. "आधी हिला माफी मागायला लावा."

डॉक्टर आत्याच्या कानाशी लागले. "म्हणून टाका हो सॉरी. विषय मिटेल."

आत्याने मशीन पुसून खुंटीला अडकवलं, मांजरीला उचललं आणि तिच्या काळ्या पोटावरून आपला काळा हात सावकाश फिरवला.

"बाई, माझ्या स्वतःच्या रंगाची माफी मागणं मी केव्हाच सोडलं. तुमच्या मांजरीच्या रंगाची कशाला मागू?"