पाटल्या आणि बिनशिंगी गेंडा

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँड गावात उन्हाळा लागला की घामासोबत भारतातून आयाही येतात. त्या वर्षी माझी आई नागपूरहून आली, ती दोन्ही हातांत जाडजूड सोन्याच्या पाटल्या घालून. आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक. म्हणून आम्हा बायकांची एक रीतच पडून गेली आहे: खरं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये आणि हुबेहूब तसंच खोटं अंगावर. गणपतीच्या आरतीला आम्ही सगळ्या पितळेनं मढून उभ्या राहतो आणि एकमेकींना "कसलं सुंदर गं!" म्हणतो.

आई मात्र रोज सकाळी खऱ्या पाटल्यांसकट फिरायला निघायची. मागच्या गल्लीतल्या एका काकूंची चेन भर दिवसा कुणी ओढून नेली, त्या झटापटीत काकू पडल्या आणि त्यांचा हात मोडला. माझं धाबं दणाणलं. मी लगोलग आईसाठी खोट्या पाटल्या आणल्या.

"ह्या घाल. कुणाला फरक कळणार नाही."

"मला कळेल ना," आई म्हणाली. "तुझे बाबा गेले तेव्हा घरातल्या बायका ह्या पाटल्या काढायला बसल्या होत्या. मी हात मागे घेतले. तेव्हा नाही काढल्या, आता चोरासाठी काढू?"

ती दाराबाहेर पडली की मला भीती वाटायची. ती परत येईपर्यंत मी खिडकीत आणि माझा चहा ओट्यावर गार.

एका शनिवारी तिला प्राणी दाखवायला एका रँचवर नेलं. दोन तासांचा ड्राइव्ह, म्हणजे टेक्सासच्या हिशेबानं शेजारीच. तिथे कुंपणाआड एक गेंडा गवत खात होता, नाकावर नुसता सपाट खुंट.

"अगंबाई, ह्याचं शिंग कुणी नेलं?"

तिथली गाइड मुलगी हसून सांगू लागली, मी मराठीत सांगत गेले. शिंगासाठी चोर गेंड्याला जिवे मारतात, म्हणून आफ्रिकेत आधीच शिंग कापून टाकतात. इथल्या मालकानंही धोका नको म्हणून तेच केलं. गुंगीचं औषध देतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि करवतीनं कापतात. नखासारखंच असतं ते, दुखत नाही.

"आणि मग खोटं लावतात का?" आईनं विचारलं.

गाइड म्हणाली, छे, शिंग नाही हे चोराला लांबूनच दिसायला हवं. खोटं लावलं तर तो त्यासाठीच गोळी घालेल.

आईनं सावकाश माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या मनगटात चार लखलखीत खोट्या बांगड्या होत्या. मी तो हात हळूच पाठीमागे नेला.

"शाब्बास," आई म्हणाली. "म्हणजे तू पितळेपायी मरणार." मग गाइडकडे वळून मला म्हणाली, "हिला विचार, शिंग परत येतं का?"

येतं, हळूहळू, गाइड म्हणाली.

घरी आल्यावर आई सरळ सिंकपाशी गेली, हातांना साबण लावला आणि पाटल्या एकेक करून काढल्या. मनगटांवर फिकट पट्टे उमटले होते.

"आई, नको असेल तर..."

"गप गं. तेव्हा त्या बायका माझ्या जिवाच्या काळजीनं काढ म्हणत नव्हत्या. तू म्हणतेयस." तिनं पाटल्या माझ्या ओंजळीत ठेवल्या. "लॉकरमध्ये टाक. नागपूरला उतरले की उगवतील. आणि तुझं ते पितळ आधी काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोकळ्या हातांनी फिरायला गेली. मी कितीतरी दिवसांनी चहा गरम प्याले.