मुठीत मावणारं जाकीट

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. परवा दुकानात मात्र टाळता येईना.

नात ट्रेकसाठी पावसाळी जाकीट घेत होती. दुकानदाराने एकाच्या बाहीवर पेलाभर पाणी ओतून दाखवलं. "वजन बघा आजोबा, मुठीत मावतं!" दुसरं उबदार होतं, पण जड. "आबा, कुठलं घेऊ?" नातीने विचारलं.

असंच एकदा तरुणपणी, गडाच्या पायथ्याशी माझ्या मित्राने, दिगंबरने, विचारलं होतं, "हे घेऊ का रे वर?" त्याच्या खांद्यावर आजोबांचं घोंगडं होतं. मी हसलो. "दिग्या, गडावर चाललोय, मेंढ्या राखायला नाही. ठेव ते इथंच." त्याने ठेवलं. वर आडवा पाऊस लागला. माझ्या अंगात रेनकोट होता, त्याच्या अंगात सुती सदरा. त्याला न्यूमोनिया झाला. त्याच्या आईला मी म्हणालो, "घोंगडं विसरला हा." अंथरुणातून तोही म्हणाला, "हो गं आई, विसरलोच."

त्याने मला सांभाळून घेतलं, की तापात त्याला खरंच तसं वाटलं? मला अजून कळलेलं नाही. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं. पुढे जन्मभर जिना चढताना तो धापा टाकायचा, आणि मी पायरीवर थांबून पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचो. गेल्या वर्षी तो गेला.

"आबा, सांगा ना!"

मी दोन हातांत दोन जाकिटं धरून उभा होतो, आणि ओठांवर भलतंच वाक्य होतं: दिग्या, तू विसरला नव्हतास रे. मीच ठेवायला लावलं. मला माफ कर.